टेकडीची बोरे

गेल्या वर्षी, म्हणजे 2025 च्या संक्रांतीनंतर, आमच्यापैकी एकाच्या घरी त्याच्या धाकट्या भावाचे बोरनहाण झाले. काळे झबले, हलव्याचे दागिने, पाटाभोवती रांगोळी आणि बाळाच्या मस्तकावरून ओतलेली बोरे, चुरमुरे, हरभऱ्याचे घाटे नि उसाचे करवे! ते वेचण्यासाठी आळीतील बालगोपाळांची एकच झुंबड उडाली. त्या झुंबडीच्या कडेला आम्ही पाच जण, वयाने त्या खेळास केव्हाच मुकलेले, हातात एकेक वाडगा घेऊन उभे होतो आणि बोर तोंडात टाकणाऱ्या प्रत्येक बालकास विनवीत होतो, की बाबा रे, आठळी फेकू नकोस, येथे टाक. त्या घरच्या आजी म्हणाल्या, "संक्रांतीला वाण लुटणारे पुष्कळ पाहिले, उष्ट्या आठळ्या मागणारे याचक मात्र आजच पाहिले!" सारे हसले. आम्हीही हसलो, पण वाडगे काही खाली ठेवले नाहीत.

या याचनेमागे एक टेकडी होती. खंडवा रस्त्याच्या अंगाला, रालामंडळ अभयारण्याच्या हद्दीबाहेर, ती मुरमाड टेकडी उभी होती. माळवा म्हटला की वाचकांच्या डोळ्यांपुढे काळी कसदार जमीन आणि गव्हाची शेते येतात, व ते योग्यच आहे. परंतु ही काळी माती जेथे संपते आणि मुरूम उघडा पडतो, तेथे पावसाचे पाणी क्षणभरही थांबत नाही. आमच्या इंदुरात पाऊस पुरेसा पडतो. तथापि त्या उतारावर डिसेंबरातच गवत वाळून कोळ होई. तो एक लहानसा वाळवंटाचा तुकडाच म्हणावयाचा. आणि त्या तुकड्यावर वाळवंटाचीच एक कन्या सुखाने नांदत होती. ती म्हणजे चणीबोर.

पेठेत मिळणाऱ्या मोठ्या बोरांचे झाड वेगळे. चणीबोर हे झाड नव्हे, झुडूप आहे. फार तर पुरुषभर उंच, पुष्कळदा कमरेइतकेच. पाने वाटोळी, वरून हिरवी व खालून पांढुरक्या लवेने मऊ. वनस्पतिशास्त्राने तिला जे 'नुम्युलारिया' हे नाव दिले आहे, त्यात लॅटिन भाषेतील 'लहान नाणे' हा शब्द दडलेला आहे, तो या पानांमुळेच. प्रत्येक पेरापाशी दोन काटे, त्यांतील एक सरळ व दुसरा आकडीसारखा वाकडा. सरळ काटा हाताला टोचतो आणि वाकडा काटा सदऱ्याला सोडीत नाही, हा आमचा अनुभव. हिंदीत हिला झडबेरी म्हणतात. राजस्थानात ती बोरडी या नावाने ओळखली जाते, आणि तेथे तिची योग्यता आपल्याहून पुष्कळ अधिक जाणतात. शेतकरी तिच्या फांद्या छाटतो, पाने झोडून वाळवितो. तो 'पाला' शेळ्यामेंढ्यांचे व उंटांचे अन्न होतो आणि काटेरी फांद्यांचे कुंपण होते. मुळे मात्र जमिनीत खोल राहतात व पुन्हा फुटतात. वाळूला धरून ठेवण्याचे कामही तीच करते.

शाळेच्या फाटकाशी थंडीच्या दिवसांत टोपली घेऊन बसणाऱ्या एक वृद्ध अम्मा ही बोरे विकतात. तिखटमीठ लावलेली बोरांची पुडी ही आमच्या मधल्या सुट्टीची शोभा होती. आम्ही आठवीत असताना, डिसेंबर 2023 मध्ये, एके दिवशी अम्मांनी पुडी बांधता बांधता सांगितले, की टेकडीवर पांढऱ्या चुन्याच्या रेघा पडल्या आहेत. तेथे आता घरे होणार. रविवारी आम्ही सायकलींवरून जाऊन पाहून आलो. रेघा खऱ्या होत्या. ती जमीन कोणाच्या तरी मालकीची होती आणि घरे बांधण्याचा त्यांना अधिकार होता, हे आम्हांस कळत होते. पण झुडपांचे काय, असे घरी विचारले तेव्हा वडीलधाऱ्यांनी आमच्याकडे अशा मुद्रेने पाहिले, की जणू आम्ही काट्यांना वाचवा अशी सभा भरविणार होतो. झुडपे खणून हलविणे हे आमच्या शक्तीबाहेरचे. त्यांची मुळे कोठवर गेली असतील हे देवच जाणे. तेव्हा बिया तरी राखाव्या, असे ठरले.

पहिल्या वर्षी आम्ही जे केले, ते सांगताना आजही मान खाली जाते. दोन रविवार खपून आम्ही सुमारे तीन किलो बोरे आणली. वाटेत चौथा हिस्सा आमच्याच पोटात गेला, हा भाग निराळा. उरलेली हाताने चोळली. निम्मा गर निघाला, निम्मा आठळीलाच चिकटून राहिला. एक दिवस गच्चीवर उन्हात पसरली आणि दुसऱ्या दिवशी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात भरून झाकण घट्ट लावले. ते इतके घट्ट लावले, की बसविताना त्यावर एक जण बसला होता! डबा प्रयोगशाळेच्या कपाटावर, अगदी छपराखाली ठेवला. आपण एक मोठे कार्य केले अशा समाधानात आम्ही परीक्षा दिली, सुट्टी उपभोगली, आणि जून 2024 मध्ये शाळा उघडताच डबा उघडला. प्रथम आला तो कुबट वास. मग दिसली ती राखाडी बुरशी. आठळ्या एकमेकींस चिकटून त्यांचा एक गोळाच झाला होता, आणि ज्या सुट्या होत्या त्यांतील कित्येकांना टाचणीच्या डोक्याएवढी भोके पडून तळाशी पिवळसर भुगा साचला होता. तरीही आम्ही शंभर आठळ्या निवडून कुंड्यांत पेरल्या. दोन महिने पाणी घातले. एकही उगवली नाही.

त्याच पावसाळ्यात, 14 जुलै 2024 रोजी, आमच्या इंदूर शहराने रेवती रेंजच्या टेकडीवर एका दिवसात अकरा लाखांहून अधिक रोपे लावून जागतिक विक्रम केला. गावभर उत्साहाला उधाण आले होते. अनेक शाळांची मुले, पोलीस, लष्करी जवान, गृहिणी, सारे तेथे राबत होते, आणि आमच्या ओळखीचे पुष्कळ जण सायंकाळी चिखलाने माखून अभिमानाने परतले. आम्हीही आमची बोराची रोपे घेऊन त्या दिवशी मिरवावे असे योजले होते. रोपांची संख्या मोजण्याची वेळ आली तेव्हा आमचा आकडा शून्य होता.

अम्मांना हे सांगितले तेव्हा त्या रागावल्या नाहीत, याचेच आम्हांस अधिक लागले. त्यांनी एवढेच विचारले, की पापड ओले असताना तुमच्या आया डब्यात भरतात काय? त्या स्वतः उरलेली बोरे छपरावर खाटेवर पसरतात. खडखडीत वाजू लागेपर्यंत ती खाली उतरवीत नाहीत.

जे अम्मांनी पापडावरून सांगितले, तेच विज्ञानाच्या बाईंनी फळ्यावर मांडले. बी निर्जीव दिसते, पण ते जिवंत असते व अगदी मंद का होईना, श्वास घेत असते. ओलावा आणि उष्णता मिळाली की हा श्वास वाढतो, साठा खर्ची पडतो, बुरशीस आमंत्रण जाते. हॅरिंग्टन नावाच्या अमेरिकन बीजशास्त्रज्ञाचा एक ठोकताळा त्यांनी सांगितला: बियांतील ओलावा शेकडा एकाने कमी केला की त्यांचे आयुष्य दुप्पट होते, आणि साठवणीचे तापमान पाच अंशांनी उतरविले की पुन्हा दुप्पट होते. अर्थात यालाही मर्यादा आहेत. शिवाय सर्वच बिया या नियमात बसत नाहीत. आंब्याची कोय किंवा फणसाची आठळी वाळविली की मरते. रखरखीत प्रदेशातील झुडपांच्या बियांना मात्र वाळणे मानवते, कारण पाऊस येईपर्यंत जमिनीत पडून राहणे हाच त्यांचा कुलाचार. आमच्या आठळ्यांना आम्ही उन्हाळ्याच्या भट्टीत, ओल्या अंगाने, कोंडून मारले होते. खून म्हणण्यास जीभ कचरते. परंतु दुसरा शब्दही सुचत नाही.

पुढच्या हिवाळ्यात टेकडीचा अर्धा भाग पत्र्यांनी बंदिस्त झाला होता. उरलेल्या भागावर आम्ही झुडपे मोजली. ती तेवीस भरली. रखवालदारकाकांची परवानगी घेऊन या वेळी नियम केला, की एका झुडपावरून पाचव्या हिश्शाहून अधिक फळे तोडावयाची नाहीत. बाकीची बुलबुलांची आणि कोल्ह्यांची. आणि तेवीसही झुडपांवरून थोडी थोडी घ्यावयाची, एकाच लगडलेल्या झुडपाला ओरबाडून टोपली भरावयाची नाही. कारण एकाच आईची लेकरे म्हणजे टेकडी नव्हे. हिरवी सोडली, लालसर तपकिरी झालेली घेतली. भोक पडलेली बोरे बाजूला ठेवली. त्यांच्या गरात फळमाशीची अळी असते. अभयारण्यात याहून चांगली झुडपे असतील, पण परवानगीवाचून तेथून काही उचलणे गैर, म्हणून तिकडे वळलो नाही. एवढ्याने भागेना, तेव्हा अम्मांच्या गिऱ्हाइकांना गाठले. बोरनहाणाची बोरेही अम्मांनीच टेकडीवरून आणलेली होती, आणि म्हणूनच त्या दिवशी आम्ही वाडगे घेऊन दारी उभे होतो.

आता स्वच्छतेचे काम. हे वाचून जर कोणाला कंटाळा आला तर त्याने हा भाग खुशाल ओलांडावा. आम्हांस मात्र यातच खरा आनंद मिळाला. बोरे बादलीत दोन दिवस भिजत घातली व सकाळ-संध्याकाळ पाणी बदलले, नाही तर ती आंबतात. मऊ झाल्यावर जाड गोणपाटावर घेऊन त्यांत मूठभर वाळू टाकली आणि धुणे घासावे तशी घासली. मग बांबूच्या रोवळीत घालून नळाखाली धरली. गर वाहून जातो, आठळी राहते. एकदा धुऊन भागत नाही. चार वेळा धुवावे, तेव्हा कोठे आठळीच्या खाचांतील चिकटपणा सुटतो. त्या खाचांत राहिलेला गरच बुरशीचे माहेर असतो, हे आम्ही डब्यात पाहिलेच होते. हाताच्या बोटांची सालटी निघाली. निघालेला चोथा टाकून न देता बागेत पालापाचोळा, शेण व माती यांच्या थरांत घातला. ज्या शहरात 1924 साली सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी संस्था काढली आणि कचऱ्यापासून खत करण्याची जी रीत 'इंदूर पद्धत' म्हणून जगभर गाजली, त्या शहराच्या मुलांनी चोथा गटारात टाकणे शोभले नसते. हॉवर्ड यांच्याबरोबर 1931 मध्ये त्या रीतीवर ग्रंथ लिहिणारे यशवंत वाड हे होते, ही गोष्ट आम्हांस या चोथ्यामुळेच कळली.

धुतलेल्या आठळ्या पाण्यात सोडल्या, की काही तरंगतात व काही बुडतात. बोराची रोपे करणारे लोक याहून कडक परीक्षा घेतात: पाण्यात शेकडा सतरा-अठरा या प्रमाणात मीठ विरघळवून त्यात आठळ्या टाकतात आणि बुडतील त्याच पेरतात. आम्हीही तसेच केले, आणि येथे आमच्यात भांडण झाले. तरंगणाऱ्या इतक्या निघाल्या, की एकाच्याने त्या टाकवेनात. त्याचे म्हणणे, मिठाच्या पाण्याला काय कळते? शेवटी घरून अडकित्ता आणला. वीस तरंगलेल्या व वीस बुडालेल्या आठळ्या फोडल्या. आठळीत दोन खण असतात; कधी दोन्हींत बी असते, बहुधा एकातच. तरंगलेल्या विसांपैकी सतरा अगदी पोकळ निघाल्या. परंतु तिघींत बी होते! तेव्हा मिठाच्या पाण्याचाही मान राहिला आणि आमच्या मित्राचाही. बुडालेल्या साठवणीस घेतल्या. तरंगलेल्या त्याने एकट्याने पिशवीत भरून शाळेच्या मागच्या कुंपणाच्या कडेने टाकल्या. बुडालेल्या मात्र पुन्हा गोड्या पाण्यात धुतल्या, कारण मीठ राहिले तर तेच ओल ओढते.

वाळविणे हे सावलीत. जानेवारीतील इंदूरची कोरडी हवा या कामास फार सोयीची आहे. प्रयोगशाळेत पातळ कापडावर आठळ्यांचा एकेरी थर पसरला आणि रोज मधल्या सुट्टीत हाताने फिरविला. तराजूवर रोज वजन करून वहीत मांडले. आरंभी ते झपाट्याने उतरले, मग हळूहळू, आणि अठराव्या दिवसापासून हलेना. तरीही मागील अनुभवाने पोळलेले आम्ही! मूठभर आठळ्या कोरड्या बाटलीत घालून त्यांत चमचाभर कोरडे बारीक मीठ टाकले व बाटली हलवून ठेवली. मीठ काचेला चिकटले तर अजून ओल आहे असे समजावे. मीठ तळाशी सुटे पडून राहिले. तेव्हा कोठे बाईंनी बरणीची परवानगी दिली. काचेच्या दोन बरण्या, रबरी कडीच्या झाकणाच्या. आत कापडाच्या पुरचुंडीत निळे सिलिका जेल, जे ओल शोषले की गुलाबी होते. घरी असते तर भाजलेले तांदूळही चालले असते. एक बरणी प्रयोगशाळेच्या खालच्या, थंड खणात गेली; दुसरी एकाच्या घरच्या शीतकपाटात, लोणच्याच्या शेजारी, 'हे लोणचे नव्हे' अशा चिठ्ठीसह.

बरणीचे झाकण लावताना बाईंनी लेनिनग्राडची हकिगत सांगितली. 1941 ते 1944 या काळात ते शहर जर्मन सैन्याच्या वेढ्यात उपाशी मरत होते. तेथे निकोलाय वाविलोव यांनी जगभरातून जमविलेला बियांचा प्रचंड संग्रह होता. वाविलोव स्वतः तुरुंगात होते. तेथेच 1943 साली त्यांचा अंत झाला. इकडे त्यांचे सहकारी गहू, तांदूळ, शेंगदाणे यांच्या पुड्यांमध्ये बसून भुकेने मेले. पुड्यांना त्यांनी हात लावला नाही. तांदळाचा संग्रह सांभाळणारे दिमित्री इवानोव हे त्यांपैकीच. ही गोष्ट संपल्यावर वर्गात शांतता पसरली, आणि आम्हां पाचांना पहिल्या वर्षी वाटेत खाल्लेला बोरांचा चौथा हिस्सा आठवला. आपल्या देशातही 1976 साली नवी दिल्लीत अशा संग्रहासाठी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तेथे बिया उणे 18 अंशांत ठेवतात. आमच्या शीतकपाटाला तेवढे जमत नाही.

एप्रिल 2025 मध्ये टेकडी सपाट झाली. परीक्षा संपल्यावर गेलो तो उतारच दिसेना. पिवळ्या यंत्राने मुरूम ओढून खालचा खड्डा भरला होता आणि एका कडेस झुडपांचा, मुळांसकट, ढीग पडला होता. एक मूळ आम्ही वितीने मोजू लागलो. वीस विती झाल्या तरी टोक ढिगात कोठे तरी आतच होते. रखवालदारकाकांनी आम्हांस ओळखले. पाणी प्यावयास दिले. फारसे बोलणे झाले नाही.

जूनमध्ये पेरणी केली. वीस आठळ्या अखंड पेरल्या. आणखी वीस फोडून आतील बी काढून पेरावयाचे होते; त्यासाठी सव्वीस फोडाव्या लागल्या, कारण पहिल्या सहांचा अडकित्त्याखाली चुराडा झाला. अडकित्ता आडवा न धरता शिवणीवर धरावा लागतो, हे त्या सहांनी शिकविले. कवच काढलेल्या बिया आठव्या दिवशी उगवू लागल्या, आणि विसांपैकी तेरा वर आल्या. अखंड आठळ्यांपैकी पाच आठवड्यांनंतर चार. पहिला कोंब दिसला तेव्हा आम्ही वर्गात नसून व्हरांड्यात वाळूच्या तबकाभोवती पालथे पडलो होतो, व त्याबद्दल पुढे शिक्षाही झाली. जुलैमध्ये आणखी ब्याऐंशी पिशव्यांत पेरल्या. काही कुजल्या, काही शेळीने खाल्ल्या. आज सदतीस रोपे जिवंत आहेत. इंचाइंचाने वाढतात, पण काटे मात्र आताच आले आहेत.

त्यांपैकी बारा रोपे अम्मांनी मागून घेतली. सिमरोलच्या बाजूला त्यांच्या भावाच्या शेताचा बांध मुरमाचा आहे. तेथे त्यांनी ती स्वतः लावली. बाकीची कोठे लावावी यावर अजून एकमत नाही. शाळेच्या आवारात लावावी तर काटे. बागेत लावावी तर माळी उपटतील.

अम्मा यंदाही फाटकाशी बसतात. टोपलीत आता बाजारातून विकत आणलेली मोठी, सफरचंदासारखी दिसणारी बोरे असतात आणि थोडी चणीबोरे, ती कोठल्या गावची हे त्यांनाही सांगता येत नाही. टोपलीशेजारी त्यांनी एक पत्र्याचा डबा ठेवला आहे. बोर खाणाऱ्याने आठळी त्यात टाकल्याशिवाय त्या दुसरी पुडी बांधीत नाहीत. दर शनिवारी तो डबा आम्ही प्रयोगशाळेत आणून धुतो, वाळवितो. आम्ही दहावीचे विद्यार्थी लवकरच शाळा सोडू. कपाटाची किल्ली नववीच्या मुलींकडे दिली आहे. टेकडीच्या पाचशे बारा आठळ्या दोन बरण्यांत आहेत. सिलिका जेल गुलाबी झाले की तव्यावर तापवून पुन्हा निळे करावे लागते, हे त्यांना करून दाखविले. अम्मांच्या डब्यातील आठळ्यांसाठी तिसरी बरणी वेगळी केली आहे. तिच्यावर फक्त तारीख लिहिली आहे. जागेचे नाव लिहिलेले नाही.